आम्ही रोजंदारीवरचे रणजीपटू : भारतीय क्रिकेट नियामक मंडळाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, मा. सचिव आणि सर्वोच्च परिषदेचे सर्व सदस्य,
भारतीय क्रिकेट नियामक मंडळ, मुंबई

१२ जानेवारी २०२६

स.न.वि.वि.

रणजी करंडकाचा दुसरा टप्पा दहा दिवसांवर आलाय. ३८ संघांच्या याद्या आता पक्क्या होत असतील. आज रात्री कुणाच्या तरी मोबाइलवर संघाच्या ग्रुपचं 'ॲडेड' येईल आणि कुणाच्या तरी 'रिमूव्ह्ड'. मी दोन्ही पाहिलेत. २०१२-१३ ते २०२३-२४, मधला कोरोनाचा मोसम सोडून ११ मोसम मी उजव्या हातानं मध्यमगती गोलंदाजी केली. ३९ प्रथम श्रेणी सामने. आधी घरच्या राज्याकडून आणि मग 'प्रोफेशनल' म्हणजे पाहुणा खेळाडू म्हणून परक्या राज्याकडून. नाव लिहीत नाही. लिहिलं तरी कुणी ओळखणार नाही, आणि ज्यांनी ओळखलं असतं ते अजून खेळतायत. माझ्यामुळं त्यांना त्रास नको.

अध्यक्ष महोदय, श्री. मिथुन मन्हास, मंडळाला पत्र लिहिणं आजवर भिंतीशी बोलण्यासारखं वाटायचं. तुम्ही आल्यामुळं थोडी हिंमत झाली. तुम्ही १५७ प्रथम श्रेणी सामने खेळलात, ९,७१४ धावा केल्यात. दिल्लीनं २००७-०८ मध्ये रणजी जिंकली त्या मोसमात तुमच्या ९२१ धावा होत्या. तरी भारताची टोपी तुम्हाला मिळाली नाही. गेल्या सप्टेंबरात तुम्ही त्या खुर्चीत बसलात तेव्हा आमच्या जुन्या ग्रुपवर फटाके फुटले होते. 'आपला माणूस' असं एकानं लिहिलं. पाहुण्यांच्या खोलीत चौघांत एक गरम पाण्याची बादली, कुणाला आधी आंघोळ आणि कुणाला नंतर, हे ज्याला सांगावं लागत नाही असा माणूस.

गेल्या महिन्यात दोन गोष्टी घडल्या आणि हे पत्र लिहायला बसलो.

पहिली चांगली. तुम्ही देशांतर्गत महिला क्रिकेटपटूंची मॅच फी दिवसाला २०,००० वरून ५०,००० केलीत. मनापासून अभिनंदन. नवी मुंबईत २ नोव्हेंबरला हरमनप्रीतच्या संघानं विश्वचषक उचलला आणि दोन महिन्यांच्या आत हा निर्णय झाला. याचा अर्थ मंडळाला ठरवायचं असलं की ठरतं. वर्षानुवर्षं 'विचाराधीन' राहत नाही.

दुसरी गोष्ट २४ डिसेंबरची. विजय हजारे करंडकात रोहित शर्मा मुंबईकडून सिक्कीमविरुद्ध खेळला, जयपूरला. सवाई मानसिंह स्टेडियमवर तुफान गर्दी. रोहितनं १५५ केल्या. त्याच दिवशी बंगळुरूला विराट कोहलीनं दिल्लीकडून १३१ केल्या, तिथं तर प्रेक्षकांना प्रवेशच नव्हता. दोन्हींपैकी एकही सामना टीव्हीवर किंवा मोबाइलवर दिसला नाही. देशभर ओरड झाली की रोहितचं शतक बघायला मिळालं नाही. बरोबरच आहे. मी मात्र सिक्कीमच्या गोलंदाजांचा विचार करत होतो. त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस. समोर रोहित, भरलेलं मैदान. घरच्यांना दाखवायला एक क्लिप असेल तर ती कुणा प्रेक्षकाच्या मोबाइलवरची.

आता मुद्द्याचं.

माझं गाव ऊसवाल्या पट्ट्यातलं. वडिलांनी माझं पहिलं किट कारखान्याच्या पहिल्या उचलीतून घेतलं. अकराशे रुपयांची काश्मिरी विलोची बॅट, गोलंदाजाला कशाला हवी होती कुणास ठाऊक. पुढं मी रणजी खेळायला लागलो तेव्हा वडील हिशेबाच्या वहीत माझ्या सामन्यांची नोंद ठेवायचे. एकदा त्यांनी सहज विचारलं, "तुमचं बिल किती दिवसांत निघतं रे?" मी म्हटलं, "ठरलेलं नाही." ते हसले. उसाला एफआरपी असते, सरकारनं ठरवलेला किमान भाव. गाळपाला ऊस गेला की १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर १५ टक्के व्याज, हा कायदा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला. कारखाने पाळत नाहीत ती गोष्ट वेगळी, पण शेतकऱ्याच्या हातात कायदा आहे, तो मोर्चा काढू शकतो. वडील म्हणाले, "म्हणजे तू आमच्यापेक्षा गयाबीता."

मला ते तेव्हा लागलं. आज पटतंय. रणजीपटू हा रोजंदारीवरचा माणूस आहे. हा शब्द कुणाला उणा वाटेल, पण दुसरा शब्द नाही. तुमचा तक्ता सप्टेंबर २०२१ चा आहे : २० सामन्यांपर्यंत खेळलेल्याला दिवसाला ४०,०००, २१ ते ४० वाल्याला ५०,००० आणि ४० ओलांडलेल्याला ६०,०००. राखीव खेळाडूला याच्या निम्मे. खेळलास तर हजेरी, नाही खेळलास तर नाही. मी ३९ वर थांबलो. साठ हजारांची पायरी दोन सामन्यांवर होती. हे रडगाणं म्हणून सांगत नाही, चेंडू पूर्वीसारखा बाहेर जात नव्हता हे मलाही कळत होतं.

लोक म्हणतात, दिवसाला पन्नास हजार मिळतात आणि हे कसले रोजंदार? प्रश्न रास्त आहे, उत्तर देतो. एलिट म्हणजे वरच्या गटातल्या संघाला साखळीत चार-चार दिवसांचे ७ सामने मिळतात, म्हणजे २८ दिवस. सगळे खेळलात तर १४ लाख. चांगले पैसे आहेत, कोण नाही म्हणतंय? पण सगळे सामने खेळणारे संघात सहा-सात जण असतात. बाकीचे आत-बाहेर. माझी ११ मोसमांची सरासरी काढा, वर्षाला साडेतीन सामने. मी आलो तेव्हा दिवसाला १०,००० होते, २०१८ मध्ये ३५,००० झाले. त्यातून टीडीएस, जिम, स्वतःचा फिजिओ, वर्षाला गोलंदाजीच्या बुटांचे तीन-चार जोड आणि मार्च ते सप्टेंबर हा सात महिन्यांचा दुष्काळ. दोन उन्हाळे मी इंग्लंडच्या लीगमध्ये काढले. क्लबचं गवत कापायचं, पोरांना शिकवायचं, शनिवारी खेळायचं. तिथल्या म्हाताऱ्या ग्राउंड्समनकडून विकेटवर रोलर कधी फिरवायचा ते शिकलो. आज तेच पोटाला कामी येतंय.

पूर्वी हा दुष्काळ नोकरी भरून काढायची. आमच्या आधीच्या पिढीतले लोक सांगतात, मुंबईत टाइम्स शील्ड या कंपन्यांच्या स्पर्धेसाठी टाटा, मफतलाल, निरलॉन, बँका क्रिकेटपटूंना नोकऱ्या द्यायच्या. सकाळी मस्टरवर सही, दुपारी नेट्स, साठीला पेन्शन. रेल्वे आणि सेनादल सोडलं तर ते दिवस बहुतेक संपले. खेळ व्यावसायिक झाला म्हणून नोकऱ्या गेल्या आणि तुम्ही व्यवसाय द्यायचं राहून गेलात.

२०२३ साली घराच्या कर्जासाठी बँकेत गेलो. बँकेचं नाव महत्त्वाचं नाही, कुठलीही असती तरी हेच झालं असतं. काउंटरच्या मागचा मुलगा क्रिकेटवेडा होता. त्यानं आधी विचारलं, "धोनीला बॉलिंग टाकलीय का?" मग तीन वर्षांची रिटर्न्स उघडली. २०२०-२१ जवळजवळ शून्य. त्या वर्षी रणजीच झाली नव्हती, १९३४-३५ पासून पहिल्यांदा. २०२१-२२ ला सहा लाख, कारण स्पर्धा आखूड होती आणि साखळीत तीनच सामने मिळाले. २०२२-२३ ला सात लाख, त्यात दोन सामने खेळून आणि तीन सामने पाण्याच्या बाटल्या नेऊन. त्यानं विचारलं, "पुढच्या वर्षीचं काही पत्र आहे का? काँट्रॅक्ट वगैरे?" मी म्हटलं, नाही. "मग पुढच्या वर्षी तुम्ही खेळणार हे कशावरून?" खरं सांगू का, हा प्रश्न मला कुठल्याच निवड समितीनं इतक्या सरळ विचारला नव्हता. कर कापताना मी व्यावसायिक असतो आणि कर्ज मागताना बेभरवशाचा. अर्जात 'नोकरीचा पुरावा' असा रकाना होता, तो मी कोरा सोडला. कर्ज नाही मिळालं. आम्ही अजून भाड्यानं राहतो.

तुम्ही म्हणाल, करार ही कल्पना मंडळाला मान्यच नाही. पण आहे. भारतीय संघाच्या केंद्रीय करारातल्या 'क' श्रेणीच्या खेळाडूला वर्षाला १ कोटी मिळतात, तो किती सामने खेळला यावर ते अवलंबून नसतं. मॅच फी वेगळी. म्हणजे तत्त्व मान्य आहे, आमच्या दारापर्यंत ते आलेलं नाही. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये सौरव गांगुली अध्यक्ष झाले तेव्हा त्यांनी प्रथम श्रेणी खेळाडूंसाठी करारपद्धत आणू असं जाहीर सांगितलं होतं. आम्ही सहा वर्षं त्या वाक्यावर बसून आहोत. मधल्या काळात मॅच फी वाढली, रणजी विजेत्या संघाचं बक्षीस २ कोटींवरून ५ कोटी झालं, करार मात्र आला नाही. मुंबई क्रिकेट असोसिएशननं मार्च २०२४ मध्ये ठरवलं की मंडळ जितकी फी देतं तितकीच आपण वरून द्यायची. त्यांचं कौतुक आहे, पण त्यामुळं एकाच मैदानावर, एकाच सामन्यात एका गोलंदाजाला दिवसाचे ऐंशी हजार आणि समोरच्या नवख्याला चाळीस. राज्य श्रीमंत की गरीब यावर खेळाडूचा भाव ठरू नये.

आता दुखापतीबद्दल. हे लिहिताना पाठ अजून दुखते, म्हणून जरा लांबेल.

२०१९-२० चा मोसम. मी घरापासून दोन हजार किलोमीटरवरच्या एका राज्याकडून पाहुणा म्हणून खेळत होतो. तिसऱ्या सामन्यात, दुसऱ्या दिवशी दुपारी, जुन्या चेंडूनं टाकत असताना कमरेत कुणीतरी सुरा फिरवल्यासारखं झालं. षटकाचे दोन चेंडू राहिले होते, ते मी टाकले. का टाकले? कारण कर्णधार पाहत होता. संध्याकाळी उठता येईना. एमआरआय केला, स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. पैसे मीच भरले. संघ पुढच्या सामन्याला गेला, फिजिओ संघाबरोबर गेला, मी रेल्वेनं घरी आलो. तिकीट संघटनेनं काढून दिलं होतं, तेही एसीचं. उगाच खोटं कशाला बोलू?

मग बिलं पाठवली. पाच महिन्यांनी उत्तर आलं की मूळ पावत्या जोडा. मूळ पावत्या मी आधीच कुरिअरनं पाठवल्या होत्या. त्या सापडेपर्यंत संघटनेतली माणसं बदलली आणि नव्या माणसांनी सांगितलं की जुन्या कारभाराचं आम्हाला माहीत नाही. उपचाराच्या खर्चातला निम्माही परत आला नाही. मॅच फीच्या कागदावर एका सहीसाठी सात महिने गेले. उरलेला मोसम खेळलो नाही म्हणून हजेरी बंद. पुढच्या वर्षी कोरोनानं रणजी रद्द झाली, तेव्हा मंडळानं २०१९-२० ला खेळलेल्यांना त्यांच्या फीच्या ५० टक्के भरपाई दिली. चांगला निर्णय होता, पण माझे तीनच सामने. १२ दिवसांचे ४ लाख २० हजार, त्याचे निम्मे २ लाख १० हजार. म्हणजे एकाच फ्रॅक्चरनं माझी दोन वर्षं खाल्ली.

संघटनेचं नाव घेत नाही. एका संघटनेचं नाव घेतलं की बाकीच्या सुटतात. कुठलाही प्रोफेशनल विचारा, त्याच्याकडं अशी एक गोष्ट असते. प्रोफेशनलला तर दोन्हीकडून मार. घरच्या संघटनेचं ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन निघालं की घरचे म्हणतात गेलास ना सोडून, आणि तिकडचे म्हणतात बाहेरचा आहे, आमच्या पोराची जागा खातोय. संघ हरला की पहिला बाहेर तो. मला वगळलं तेव्हा फोन नाही, ईमेल नाही. ग्रुपवर बसच्या वेळेची चर्चा चालू होती, मी विचारलं किट बॅग किती वाजता खाली आणायची, आणि उत्तराच्या जागी मला काढल्याची ओळ आली. ॲडमिनकडून घाईत झालं असेल.

पेन्शनचा मुद्दा थोडक्यात. जून २०२२ मध्ये तुम्ही माजी खेळाडूंची पेन्शन वाढवलीत, ज्यांना १५,००० मिळत होते त्यांना ३०,००० झाले. ज्येष्ठांच्या औषधपाण्याची सोय झाली. पण माझ्यासारख्या निव्वळ प्रथम श्रेणी खेळाडूंसाठी ही रेषा २००३-०४ च्या आधी खेळणं थांबवलेल्यांपाशी संपते. नंतरच्यांना फी चांगली मिळते, त्यांना पेन्शन कशाला, असं म्हणतात. माझा हिशेब वर दिलाच आहे. त्यात म्हातारपणाची सोय कुठं दिसली तर मलाही दाखवा.

आणि हे सगळं आम्ही आजवर का बोललो नाही? कारण खेळणाऱ्याला पुढच्या यादीत यायचं असतं. मीही गप्पच होतो. सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या लोढा समितीच्या शिफारशीमुळं २०१९ मध्ये इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन उभी राहिली, तुमच्या सर्वोच्च परिषदेत तिचे दोन प्रतिनिधी बसतात. पण ती निवृत्तांची संघटना. आज रणजी खेळणाऱ्याला तिथं जागा नाही. इंग्लंडच्या खेळाडूंची संघटना १९६७ पासून आहे, ऑस्ट्रेलियाची १९९५ पासून. २०१७ साली ऑस्ट्रेलियन बोर्डानं राज्यांच्या खेळाडूंना महसुलाच्या वाट्यातून वगळायचं ठरवलं तेव्हा कर्णधार स्मिथ आणि उपकर्णधार वॉर्नर त्यांच्या बाजूनं उभे राहिले. जुलैचा अख्खा महिना त्यांच्याकडं करार नव्हते, तरी हटले नाहीत. आपल्याकडं मार्च २०२४ मध्ये शार्दुल ठाकूर रणजीच्या उपांत्य फेरीत शतक ठोकून आला आणि बोलला की दोन सामन्यांत तीन दिवसांचं अंतर ठेवलंत तर पोरं मोडतील. पुढच्या मोसमात तुम्ही रणजी दोन टप्प्यांत विभागलीत, श्वास घ्यायला जागा झाली. हेच कुणा बाराव्या गड्यानं सांगितलं असतं तर? शार्दुलचे आभार, पण दरवेळी शतक ठोकणारा प्रवक्ता आम्ही कुठून आणायचा?

जाता जाता, देवधर करंडकाचं काय झालं? २०२३ नंतर ती स्पर्धा झाली नाही. प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रानं १९३९-४० आणि १९४०-४१ असे लागोपाठ दोन रणजी करंडक जिंकले. त्यांच्या नावाची स्पर्धा वेळापत्रकातून निघून गेली आणि चार ओळींचं निवेदनही आमच्या वाचनात आलं नाही. एखाद्याचे तितके दिवस, तितकी हजेरी गेली.

भारताची टोपी कधीच न मिळालेले शिवलकर, राजिंदर गोयल, अमोल मुझुमदार यांची नावं मी मुद्दामच घेतली नव्हती. प्रत्येक समारंभात कुणीतरी ती घेतं, हळहळतं आणि जेवायला जातं. ५८९ बळी, ७५० बळी, ११,१६७ धावा. ती फार मोठी माणसं, त्यांच्यावर अन्याय झाला तर निदान तो नोंदला गेला. मी त्यांच्याखालच्या दोन-चारशे जणांबद्दल बोलतोय. ज्यांनी भारताकडून खेळायला हवं होतं असं कुणीही म्हणणार नाही आणि ज्यांच्याशिवाय रणजीत समोरचा संघच उभा राहणार नाही, असे. ते नसतील तर शिवलकरांनी बळी कुणाचे घेतले असते?

मागण्या सांगतो. कुणाला शिव्या नाहीत, कुणाचा राजीनामा नको.

प्रत्येक राज्य संघाच्या २० खेळाडूंना ऑक्टोबर ते सप्टेंबर असा बारा महिन्यांचा लेखी करार द्या आणि त्याची प्रत खेळाडूच्या हातात द्या. मॅच फी आहे तशी राहू दे. कराराची रक्कम तीन पायऱ्यांची ठेवा : पाच जणांना १८ लाख, दहा जणांना १२ लाख, पाच जणांना ६ लाख. संघामागं २ कोटी ४० लाख होतात, ३८ संघांचे ९१ कोटी २० लाख. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे माध्यम हक्क तुम्ही ४८,३९० कोटींना विकलेत, वर्षाला ९,६७८ कोटी पडतात. त्याचा एक टक्काही मी मागत नाही. महिलांच्या संघांनाही हाच करार द्या, द्यायलाच हवा, तरी दोन टक्क्यांच्या आत बसतं. टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकल्यावर २०२४ मध्ये तुम्ही दुसऱ्याच दिवशी १२५ कोटींचं बक्षीस जाहीर केलंत. त्या खेळाडूंनी ते कमावलं होतं. माझं म्हणणं एवढंच की रकमेला तुम्ही घाबरत नाही.

सामन्यात जायबंदी झालेल्याला त्या मोसमातल्या उरलेल्या सामन्यांची फी मिळावी. एमआरआयपासून शस्त्रक्रियेपर्यंतचं बिल मंडळानं थेट रुग्णालयाला द्यावं, मधे राज्य संघटना नको. बंगळुरूच्या सेंटर ऑफ एक्सलन्सची, म्हणजे मंडळाच्या सराव-उपचार केंद्राची दारं प्लेट म्हणजे खालच्या गटाच्या गोलंदाजालाही उघडी असावीत, त्याचंही हाड हाडच असतं.

मॅच फी सामना संपल्यापासून ३० दिवसांत. उशीर झाला तर व्याज, उसासारखंच. आणि कुणाच्या टेबलावर कागद अडकलाय ते खेळाडूला मोबाइलवर दिसेल अशी सोय करा. कुरिअरचं पाकीट कुठवर आलं ते दिसतं, तर हेही दिसेल.

२००३-०४ ची रेषा पुसा. २५ सामने खेळलेल्या प्रत्येकाला, कधीही खेळलेला असो, ५० व्या वर्षापासून पेन्शन. ते जड जात असेल तर आजपासून आमच्या फीतले १० टक्के कापा, तितकेच मंडळानं घाला आणि भविष्य निर्वाह निधी सुरू करा. कापून घ्या म्हणणारे खेळाडू तुम्हाला पुन्हा भेटणार नाहीत.

आज खेळणाऱ्यांचे दोन प्रतिनिधी, एक पुरुष आणि एक महिला, सर्वोच्च परिषदेच्या बैठकीत बसू द्या. गुप्त मतदानानं निवडलेले. मताचा अधिकार नंतर बघू, आधी खुर्ची द्या.

रणजीचा प्रत्येक सामना दिसू द्या. तीस कॅमेरे नकोत, दोन्ही टोकांना एकेक पुरे. गावोगावची टेनिस बॉलची स्पर्धा यूट्यूबवर थेट दिसते, मराठी समालोचनासकट. मंडळाला हे जमणार नाही असं कोण म्हणेल? डिसेंबर २०२५ च्या आयपीएल लिलावात भारताकडून न खेळलेल्या दोन पोरांना प्रत्येकी १४ कोटी २० लाख मिळाले. त्यांना मिळाले याचा आनंद आहे, ती दिसली म्हणून मिळाले. न दिसणाऱ्याला दिसायची संधी द्या एवढंच.

आणि वगळताना फोन करा. याला एक पैसाही लागत नाही. निवड समितीतल्या एकानं दोन मिनिटं बोलून कारण सांगावं, खेळाडूला हवं असेल तर लेखी द्यावं.

तुमची वार्षिक सभा सप्टेंबरात असते, मोसम ऑक्टोबरात सुरू होतो. या विषयांवर मंडळ काय करणार आहे, ते त्या सभेनंतर जाहीर सांगावं अशी विनंती आहे. 'नाही' असं उत्तर असेल तरी चालेल, पण स्पष्ट सांगा.

एक घरचं कारण राहिलं. माझा भाचा यंदा दहावीला आहे. डावखुरा आहे, चेंडू आत आणतो, मनगट माझ्यापेक्षा चांगलं आहे. परवा बहिणीचा फोन आला, "दादा, याला अकरावीला सायन्सला घालू की पुण्याला अकादमीत पाठवू? तू सांगशील तसं करते." अकरा मोसम खेळलेला माणूस मी, मला उत्तर देता आलं नाही. अकरावीचे प्रवेश तर जूनमध्येच असतात. तिला म्हटलं, सध्या सायन्सलाच घाल, सकाळच्या सरावाला मी नेत जाईन. अकादमीचं ऑक्टोबरात बघू.

आपला,
एक माजी रणजीपटू